अंगठ्यावरचा नाच आणि गुरुजींचा हट्ट

गुरुजी, तुम्ही गेलात ते एका अर्थी बरंच झालं. रागावू नका. आता रागावून तरी काय करणार? मी बोलतोय आणि तुम्ही मधेच शिट्टी फुंकत नाही, असं आपल्या ओळखीत पहिल्यांदाच घडतंय. ज्याचं पोट माईकवर चालतं त्या माणसाला दुसऱ्याच्या शिट्टीखाली आयुष्य काढावं लागलं, ही काय साधी शिक्षा झाली?

वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो, तेवढं तुम्ही कान बंद ठेवा. मी पुणतांब्याचा निवेदक. लग्न असो, कुस्त्यांचा हगामा असो, ट्रॅक्टरची पूजा असो, नाहीतर गोदावरीच्या घाटावर दहाव्याची श्रद्धांजली असो, माईक माझ्याच हातात. माझा धंदाच फुगवायचा. दहावी नापास नवरदेवाला मी उच्चविद्याविभूषित केलंय. ज्यानं सख्ख्या भावाचा बांध कोरून खाल्ला त्याला मेल्यावर मी काळ्या आईचा सुपुत्र केलंय. कित्येक वर्षांत आपल्या गावात वाईट माणूस मेलेलाच नाही, आणि त्याचं सगळं श्रेय माझं आहे. सगळ्यांना मी पार स्वर्गाच्या फाटकापर्यंत सोडून आलो. एकटे तुम्ही राहिलात. तुमच्या दहाव्याला माझी जीभ टाळूला चिकटली, आणि सबंध घाटानं ती चिकटलेली पाहिली.

तुम्ही शाळेचे पीटी सर. पण गाव तुम्हाला गुरुजीच म्हणायचं, कारण सर म्हटलं की तुम्ही वाळीत टाकायचात. तुमच्या शिट्टीबद्दल मी तालुकाभर जे सांगत फिरलो ते आज इथे लेखी देतो. तुम्ही सकाळी मैदानावर शिट्टी मारली की गोदावरीतले मासे ओळीत पोहायला लागायचे, आणि एखादा चुकला तर स्वतःहून काठावर येऊन उठाबशा काढायचा. स्टेशनात उभी असलेली गाडी तुमची शिट्टी ऐकून सुटायची. गार्ड बिचारा चहाचा कप हातात घेऊन मागे पळायचा. तुमच्या घरचा कोंबडा तर आरवायच्या आधी सावधान उभा राहायचा. यातलं खोटं किती हे तुम्ही कधी विचारलं नाही. उलट एकदा म्हणालात, "तात्या, मासं म्हनलास, मगरी पन म्हन की." तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळायचं नाही.

मग तुम्ही न्हाणीत घसरलात, मांडीचं हाड मोडलं, आणि अख्ख्या गावाला धावायला लावणारा माणूस खाटेवर आला. सुभाष पुण्याहून टीव्ही घेऊन आला. मुलगा म्हणून त्यानं वडिलांना वेळ द्यायचा तो टीव्ही दिला; स्वस्तात सुटला. टीव्ही एवढा मोठा की भिंतीवर टीव्ही नव्हता, टीव्हीला भिंत टांगली होती. खाट पुढच्या खोलीत टाकली, कारण मागे जागा नव्हती, आणि पुढच्या खोलीत मंगलचं शिवणाचं दुकान. तुमची लेक मंगल. तिची शिलाई मशीन मोटरवर चालते, कारण पायाचं मशीन तिला मारता येत नाही. का मारता येत नाही ते पुढे येईलच. घाई करू नका.

ती सिरियल तुम्ही लावली नाही, ती लागली. तुम्ही कुस्त्या शोधत होतात आणि रिमोटचं भलतंच बटण दाबलंत. अंधार. अंधारात एक आरसेमहाल. आरशासमोर पांढऱ्या कपड्यातली एक पोरगी पायाच्या अंगठ्यावर उभी. हिंदीतून बोलत होते, ओठ भलतीकडे, आवाज भलतीकडे. कुठल्या थंड मुलखातली गोष्ट होती देव जाणे. खिडकीबाहेर सारखा बर्फ. नाच शिकवणारी एक म्हातारी बाई, हातात काठी, चेहरा असा की दूध नासावं. आणि ती पोरगी, जिला ती बाई जगातली पहिल्या नंबरची नाचणारी करायला निघाली होती.

मी आलो तेव्हा तुम्ही डोळे फाडून बघत होता. "तात्या, बस. ही सर्कस न्हाई. बॅले म्हनत्यात हिला."

"अंगठ्यावर काय," मी म्हटलं, "आमच्या लहानपणी जत्रेतल्या फडात एक बाई नारळावर उभी राहून नाचायची. नाच झाला की नारळ फोडायचे, आत खोबऱ्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा निघायचा."

"गप बस की रं. बघू दे."

बघू दे! तुम्ही! मला तेव्हाच कळायला हवं होतं की प्रकरण साधं नाही.

मग रोज दुपारी तोच उद्योग. दुपारचं जेवण झालं की मी, तुम्ही, जनावरांच्या दवाखान्यातला अशोक कंपाउंडर, आणि ब्लाउजच्या मापाला म्हणून आलेल्या कमलवहिनी. वहिनींचा तो ब्लाउज सिरियल संपेपर्यंत शिवून झाला नाही. रोज माप बदलायचं. गावात कुणाचं भांडण नव्हतं म्हणून की काय, आपण त्या परक्या मुलखातल्या नाचावरून एकमेकांच्या नरड्याला लागलो.

कमलवहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं बया, ह्या पोरीला जेवायला घालत न्हाईत व्हय? बरगड्या मोजून घ्या. हिला आधी पिठलं-भाकरी द्या, मंग नाचवा."

अशोक म्हणाला, "घोटा बघा तिचा. म्हशीला असं हुबं केलं तर म्हैस तिसऱ्या दिशी बसंल, परत उठायची न्हाई."

"आन एवढा अंधार कशापायी?" वहिनींनी विचारलं. "तोंड दिसंना कुनाचं."

"कला हाय ती," तुम्ही खाटेवरून.

"मंग आमच्याकडं लाईट जाते तवा आमी समदे कलाकारच म्हना की."

तुम्ही हसला नाहीत. हसण्यासारखं होतं, पण तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या काठीवाल्या बाईकडे असे बघत होता जसं लग्नात हरवलेलं माणूस तिकडच्या वऱ्हाडात दिसावं.

आता तो भाग, ज्यावरून पेटलं. पोरीच्या अंगठ्याचं नख निघालं. रेशमी बूट रक्तानं भिजला. पोरगी बाईला म्हणाली, बूट बदलू द्या. बाईनं बूट हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाली, रंग चांगला दिसतोय, राहू दे. पुढच्या प्रयोगाला सगळ्या पोरींचे बूट त्याच रंगात रंगवून आणले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कॅमेरा त्या लाल पायांवर फिरत होता, आणि व्हायोलिन असं वाजत होतं की माझ्यासारख्या दगडाच्याही अंगावर काटा आला.

"ह्याला म्हनत्यात कला," तुम्ही म्हणालात.

"ह्याला म्हणतात मारहाण," मी म्हणालो, "वर व्हायोलिन लावलंय."

"मंग काय थापा मारायच्या का? दाखवायचं न्हाई का रगात?"

"दाखवा की. पण किती वेळ? कॅमेरा त्या पायावरून हलायला तयार नाही. भुकेलं कुत्रं खाटकाच्या दुकानापुढे बसावं तसा बसलाय. पोरीचं तोंड एकदा दाखवलं, पाय दहादा. ज्यानं हे केलं त्याला दुःख नाही झालेलं, गुरुजी. त्याला मजा आलीय."

"आन तुला न्हाई आली? काटा कुनाच्या अंगावर आला? मी बघत हुतो तुज्याकडं."

इथे तुम्ही मला चारी मुंड्या चीत केलंत हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. काटा आलाच होता. आणखी एक सांगून टाकतो. ती पोरगी रिकाम्या आरसेमहालात एकटी नाचते, संगीत बंद, नुसता लाकडी जमिनीवर बुटांचा आवाज आणि तिचा श्वास, तो भाग मी घरी जाऊन मोबाईलवर पुन्हा बघितला. बायकोला म्हटलं, कुस्त्या बघतोय. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि माझं पाहिलेलं किती खोटं असतं हे धरूनही सांगतो.

पण तुमचं सुंदर वेगळं होतं. तुम्हाला ती काठी सुंदर वाटत होती.

एके दिवशी बाईनं पोरीला तापात नाचवलं आणि तुम्ही खाटेवर कोपरावर उठून बसलात. डोळ्यांत पाणी. म्हणालात, "आसंच असतं. सोसल्याबिगर हुत न्हाई काय. आमची मंगल न्हाई का चढली?"

मंगलचं मशीन थांबलं.

आता मी फुगवणार नाही. तुमचा लेझमीचा मनोरा अख्ख्या जिल्ह्यात गाजलेला. त्याच्या टोकावरून शनिशिंगणापूरची शनिवारची रांग दिसते असं मी सांगायचो, ते फुगवलेलं. पुढचं नाही. मंगल सातवीत होती. अंगानं हलकी म्हणून मनोऱ्याच्या टोकावर तीच. दोन्ही हातांत लेझीम घेऊन पोरांच्या खांद्यांवर उभी राहायची. रंगीत तालमीला मनोरा ढासळला आणि ती वरून खाली आली. गुडघा फुगला. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रमुख पाहुणे. तुम्ही स्वतःच्या फेट्याची पट्टी फाडून तिच्या गुडघ्याला आवळलीत आणि म्हणालात, चढ. ती चढली. वर उभी राहून लेझीम वाजवली. टाळ्या झाल्या, शाळेला ढाल मिळाली, तुमचा सत्कार झाला. तो गुडघा त्या दिवसापासून पुरता वाकत नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या गावाला कुस्त्यांच्या माईकवर होतो, पण हे मला गावातल्या प्रत्येकानं सांगितलंय, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाच्या आवाजात अभिमान होता. अजून असतो. त्याच अभिमानातली माणसं नंतर तिला बघायला आली की चहा पिऊन, पायाकडे बघून, कळवतो म्हणून निघून जायची.

"ती चढली नाही, गुरुजी," मी म्हणालो. "तुम्ही चढवली."

कमलवहिनींनी पदर तोंडाला लावला. अशोक उगाच मोबाईल बघायला लागला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेनं पोरं चड्डीत मुतायची, मी फक्त चहा सांडला. मग मशीन पुन्हा सुरू झालं. सिरियल सुरू झाल्यापासून मंगलनं एकही मत दिलं नव्हतं. ना चांगली, ना वाईट. आपण दोघं ओरडायचो आणि ती काज करत बसायची.

त्या दिवसापासून आपण सिरियलवर भांडतच नव्हतो, गुरुजी. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. फक्त नाव बॅलेचं होतं.

शेवटच्या भागात म्हातारी बाई मरते. ती पोरगी तिची काठी उचलते. आरसेमहालात नव्या मुली रांगेत उभ्या असतात, त्यातल्या एकीपाशी ती जाते, काठीनं तिची हनुवटी वर करते, आणि म्हणते, पुन्हा. संपलं. अंधार.

तुम्ही टाळी वाजवलीत. एका हातानं, खाटेच्या लाकडावर. "बघ. हिला म्हनत्यात परंपरा."

"हिला म्हणतात लागण," मी म्हणालो. "लाळ्या-खुरकत. अशोकला विचारा."

"मला कशाला मधी घेता," अशोक म्हणाला.

तेव्हा तुम्ही बाकीच्यांना जायला सांगितलंत आणि मला थांबवलंत. मंगल काजं करत होती, तिला मात्र जा म्हणाला नाहीत. ती तुमच्या लेखी खोलीतलं सामान होती. तुम्ही माझं मनगट धरलंत. पकड अजून मैदानावरचीच.

"तात्या, मी काय आता उठत न्हाई. माज्या दहाव्याला माईक तुज्याच हातात असनार. बाकी काय फुगवायचं ते फुगव. मासं सांग, मगरी सांग. पन येक खरं सांगायचं. म्हनायचं, ती सिरियल कला हुती, आन गुरुजीचं बराबर हुतं. समद्या गावापुढं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर कावळा शिवायचा न्हाई."

"मेल्यावरसुद्धा कवायत घ्यायची म्हणता?"

"घ्यायची," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. पुरता महिनाभर तुमच्या तोंडावर हसू पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस लवकर जाणार. गेलात.

खरं सांगू? साधं काम होतं. मी रोज याहून मोठं खोटं बोलतो, तेही जेवणावर. आणि तुमचे माझ्यावर उपकार काय थोडे? हातात पहिला माईक तुम्हीच दिलात, शाळेच्या खेळांच्या दिवशी. म्हणालात, ह्याला पळता येत न्हाई, ह्याला बोलू द्या. माझ्या बायकोला अर्धांगाचा झटका आला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा रोज सकाळी अंगणात कोण यायचं? तुम्ही शिट्टी घेऊन यायचात आणि त्या रडणाऱ्या बाईला चालवायचात. ती पडायची, तुम्ही उचलायला जायचा नाहीत, मलाही जाऊ द्यायचा नाहीत. "उठ," म्हणायचात. "उठ म्हनलं की उठायचं." मी घरात तोंड लपवून तुम्हाला शिव्या द्यायचो. आज ती स्वतःच्या पायानं देवळात जाते. शिट्टी तीच, आवाज तोच, माणूस तोच. म्हणून मला तुमचा धड पुरता तिरस्कार करता आला नाही, आणि याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

काल तुमचा दहावा झाला. घाटावर माणूस मावत नव्हता. हे फुगवलेलं नाही. तुमचा मार खाल्लेले सगळेच आले होते, आणि ते तीन पिढ्यांचे होते. पुढारी आले, घड्याळ बघत बोलले. एकानं तुम्हाला क्रीडामहर्षी केलं, दुसऱ्यानं त्यावर चढाओढ म्हणून क्रीडाभीष्म. सुभाषनं पिंड ठेवला, नमस्कार केला, आणि सगळे मागे सरले.

कावळे होते. पिंपळावर भरपूर होते. खाली एकही येईना.

तुम्हाला माहीतच आहे पुढे काय होतं, तुम्ही दुसऱ्यांच्या वेळी स्वतः पुढे होऊन करायचात. कावळा शिवेना म्हणजे जीव कशात तरी अडकलाय. मग एकेक जण पुढे होऊन मेलेल्याला वचन देतो. सुभाष म्हणाला, "दादा, शाळेला तुमच्या नावानं ढाल देऊ दरवर्षी." एक कावळा फांदीवर सरकला आणि पुन्हा बसला. "दादा, घराला वरचा मजला काढू." काही नाही. "दादा, मंगलताईला मी काय कमी पडू देनार न्हाई." तेव्हा तर दोन कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले. लोक खुसखुसले. ऊन चढलं होतं. आचारी लांबून हातवारे करून विचारत होता, भात वाढायचा की थांबायचं.

तेवढ्यात अशोकनं तोंड उघडलं. "तात्या, ते सिरियलचं म्हना की. गुरुजींनी सांगितलं हुतं म्हनं."

सगळा घाट माझ्याकडे वळला. गावात गुपित ठेवायला जागा कुठे असते? पुढारीसुद्धा घड्याळ विसरले. कमलवहिनी मागून म्हणाल्या, "म्हना वो तात्या, दोन शब्दांनी काय जीभ झडती का?"

मी माईक घेतला. मासे सांगितले. मगरीही सांगितल्या, तुमची इच्छा म्हणून. रेल्वेचा गार्ड सांगितला. माणसं रडता रडता हसली. मग तिथे आलो जिथे ते वाक्य म्हणायचं होतं, आणि मंगल दिसली. बायकांच्या घोळक्यात सगळ्या जणी मांडी घालून बसलेल्या, ती एकटी पाय लांब सोडून. तिची नजर माझ्यावर होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, राग नव्हता. ती फक्त बघत होती, की हाही म्हणतो का.

गुरुजी, आता तुम्हाला असं काहीतरी सांगतो जे मला तिथेच, माईक हातात असताना सुचलं. ती सिरियल कलाच होती. अव्वल दर्जाची. ज्यानं ती बनवली त्याला ती काठी सुंदर वाटत नव्हती. त्यानं ती तुमच्याआमच्या डोळ्यांना सुंदर वाटेल अशी दाखवली आणि मग शेवटी ती पोरीच्या हातात देऊन आपल्या पोटात मुठी मारल्या. तुम्ही टाळी वाजवलीत. म्हणजे पहिल्या अर्ध्या वाक्यापुरतं तुमचं खरं होतं. ती कला होती. फक्त तुम्हाला ती कळली नव्हती. मला रक्त दिसलं म्हणून मी तिला नावं ठेवली, तुम्हाला काठी दिसली म्हणून तुम्ही तिला डोक्यावर घेतली. दोन गाढवं, एकच टीव्ही.

पण हे घाटावर कसं सांगणार? तिथे लोकांना एकच वाक्य ऐकू जाणार होतं: गुरुजीचं बरोबर होतं. आणि ते त्या लांब केलेल्या पायाच्या समोर म्हणायचं.

माईक चालू. माझा श्वास सगळ्या कर्ण्यांतून ऐकू येत होता.

मंगल म्हणाली, "तात्या, म्हना. लोकास्नी ऊन लागतंय." आवाज जराही वर-खाली न करता. "तुमी काय आजवर खरंच बोलत आलाय व्हय?"

हसले लोक. मीही हसलो असतो. मी माईक खाली केला. इतक्या वर्षांत मी माईक वाक्य अर्धं ठेवून खाली केलेला नाही.

तेव्हा ती उठली. तिचं उठणं तुम्ही पाहिलंय; आधी हात, मग चांगला पाय, मग तो. कुणी हात पुढे केला तर ती घेत नाही, ते तुमचंच शिक्षण. ती पिंडापाशी आली. माईक घेतला नाही. पण घाट इतका चूप होता की पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल.

"दादा," ती म्हणाली, "मला चढायचं नव्हतं."

थांबली. तुम्ही काही म्हणताय का म्हणून थांबली असावी. मग म्हणाली, "जेवा आता."

आणि मागे जाऊन बसली.

कावळा आला असता तर मी आज इथे हंबरडा फोडून लिहिलं असतं, की पाहा, बापानं लेकीचं ऐकलं. माझ्या धंद्यातला माणूस अशा कावळ्याला जन्मभर विसरत नाही. पण कावळा आला नाही. भटजींनी थोडी वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा केला, दोन गाठी मारल्या, पिंडाला लावला, आणि म्हणाले, झालं. तुमच्यासारख्या माणसाला गवताचा कावळा शिवला. आयुष्यभर कुणाला नुसतं शिवून सोडलं नाहीत, आणि तुमच्या वाट्याला हे. आचाऱ्यानं भात वाढला. गावानं पोटभर खाल्लं. बुंदी चांगली होती.

दुपारी पंगती उठल्यावर मी तुमच्या घरी गेलो. तुमची खाट बाहेर काढून उभी करून ठेवली होती. सुभाष मागे पाहुण्यांना गाडीत बसवत होता. मंगल पुढच्या खोलीत खुर्चीवर, हातात रिमोट.

"तात्या, ती सिरियल लावून देता का? पयल्या भागापासून."

"पुन्हा कशाला? सगळी तर झाली."

"तुमची झाली. मशीन खिडकीला, पाठ असायची माझी. मी काय बघितलंय? नुसता तुमचा दोघांचा कालवा ऐकला."

मी लावून दिली. अंधार आला, आरसेमहाल आला, पांढऱ्या कपड्यातली पोरगी अंगठ्यावर उभी राहिली. मी सवयीनं माझ्या स्टुलावर टेकलो. म्हटलं, "आता ही बाई येईल बघ, काठी घेऊन. हिच्याकडे नीट लक्ष दे, कारण शेवटी—"

"तात्या."

"काय गं?"

"तुमी जावा आता घरी."

मी उठलो. चपला घालताना मागून बुटांचा आवाज यायला लागला, लाकडी जमिनीवरचा. तिनं आवाज वाढवला. मी ओट्यावर थोडा वेळ थांबलो, एखादा सुस्कारा ऐकू येतो का, एखादं बरं, एखादं शी. काही नाही. तिला ती कला वाटतेय की मारहाण, मला माहीत नाही. विचारायला जाण्याची हिंमत नाही.

तेव्हा गुरुजी, आपला वाद आता तिच्याकडे गेला आहे. तुम्हाला बोलता येत नाही, आणि मला कुणी बोलावलेलं नाही.